पयले खाली बस

नांदुऱ्यात माझ्या आत्याशी उभ्याने भांडलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. दूधवाला असो, शेजारचे वकील असोत, नाहीतर शाळा तपासायला आलेले साहेब असोत, आत्या आधी त्यांना बसवते. "पयले खाली बस, मंग बोल," हे तिचं ठरलेलं वाक्य. साहेब असेल तर "बसा" म्हणते, एवढाच काय तो मान. समोरचा बसला की ती कमरेवर हात ठेवून उभी राहते, दोघांची डोकी एका पातळीवर येतात, आणि मग भांडण रीतसर सुरू होतं. कारण आत्याची उंची कमी आहे. कमी म्हणजे अगदीच कमी. देवानं हिला घडवायला घेतलं तेव्हा मध्येच माती संपली, असं माझे बाबा म्हणायचे, आणि तेसुद्धा चार हात लांब बसून म्हणायचे.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर तिचं राज्य, वरचा अर्धा भाग वर्षानुवर्षं कोराकरकरीत. तिच्या हाताखालून गेलेली पोरं मोठी होऊन कचेरीत अर्ज लिहितात तेही कागदाच्या अर्ध्यापासून सुरू करतात, अशी गावात बोलवा आहे. "स्टूल काऊन नाही घेत?" असं एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "स्टुलावर चढली का पोरं फळा नाही पाहत, मास्तरीण पडते का ते पाहतात." आहे की नाही बरोबर!

पण फळ्याचं तिला दुःख नव्हतं. दुःख होतं ते दिसण्याचं. म्हणजे तिला न दिसण्याचं. गणपतीचं विसर्जन म्हणजे तिच्या लेखी पुढच्या माणसाचा घामेजलेला सदरा. लग्न म्हणजे बायकांच्या पाठी. कोणाच्याही लग्नाहून आली आणि "कसं झालं गं?" म्हणून विचारलं की ती नवरा-नवरी सोडून ब्लाउजांचं वर्णन करायची. "एकीच्या पाठीवर मोर होता व! अन् लटकन त काय भारी, हे एवढे!" बरं, स्वतःच्या लग्नात तरी काही दिसावं? आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे काकाजी म्हणतो, ते विजेच्या खांबाएवढे. अंतरपाट त्यांच्या छातीला लागला आणि आत्याच्या डोक्यावरून गेला. त्यांच्या लग्नाचा एक फोटो बैठकीत लावलेला आहे. त्यात काकाजी फेट्यासकट सबंध आहेत, आणि खाली कोपऱ्यात एक अर्धं कपाळ आणि मुंडावळी आहे. पाहुणे विचारतात, "हे कोण?" आत्या म्हणते, "ते मी. बाकीची खाली हावो."

त्यांची मुलगी प्राची मात्र बापावर गेली. सातवीत होती तेव्हाच ती आईच्या डोक्यावरून फळीवरचे डबे काढायला लागली. त्या घरातली मला आठवणारी सगळ्यात जुनी हाक हीच. "प्राची, वरचा डबा दे व!" प्राची अभ्यास टाकून यायची, हात वर करायची, डबा द्यायची आणि जाता जाता आईच्या डोक्यावर टिचकी मारायची. मग आत्या तिच्या मागं लाटणं घेऊन पळायची. रोजचं होतं हे.

त्या प्राचीचं लग्न जमलं. मुलगा चिखलीचा, चांगला, आणि उंच! उन्हाळ्यातली तिथी निघाली आणि त्याच दिवशी आत्यानं मला पुण्याला फोन केला. मी पुण्याला नोकरी करते आणि ऑफिसात उंच टाचांचे सँडल घालते, ही माझी कीर्ती तिच्यापर्यंत पोचली होती. "माह्या लग्नात मले अंतरपाट दिसला, नवरा नाही दिसला," आत्या म्हणाली. "पोरीच्या लग्नात अंतरपाट खाली होताना मले तिचं तोंड पाह्याचं हाय. तू सुट्टी घेऊन ये अन् मले ते उंच सँडल शिकव."

आता यात एक मोठी अडचण होती, आणि ती म्हणजे आत्याच्या मोठ्या जाऊबाई. आमच्याकडे रीत अशी की नवरीच्या आईनं अक्षता पडताना पाहायचं नाही. मंगलाष्टकं चालू असेतोवर तिनं बाजूला तुळशीला पाणी घालत बसायचं. जाऊबाईंनी हे फोनवर, प्रत्यक्ष आणि तिसऱ्याकरवी असं तिन्ही प्रकारे कळवलं होतं. आत्यानं उत्तर दिलं, "पाणीबी घालीन अन् पाहीनबी." मी म्हटलं, मग सरळ पुढं जाऊन उभी राहा ना. तर म्हणे, "पुढं गेली का जाऊबाई दंडाले धरून नेतील. मागं उंच उभं राह्यलं त कोणाले पत्ता नाही." खुर्चीवर चढ म्हटलं, तर केवढी चिडली! "पोरीचं लग्न हाय का जत्रेतला तमाशा?"

आम्ही खामगावला सँडल आणायला गेलो. दुकानदार एकेक जोड काढतोय आणि आत्या एकच शब्द बोलतेय, "उंच." शेवटी त्यानं वरच्या खोक्यातला सोनेरी जोड काढला. टाच चांगली पाच बोटं, आणि पेन्सिलीसारखी बारीक. "ताई, हे नवरीचे असतात," तो म्हणाला. "नवरीच हाय मी," आत्या म्हणाली, "उलीशीक जुनी." मी परोपरीनं सांगितलं की आत्या, जाड टाचेचे घे, त्यावर तोल राहतो. पण जाड टाच म्हणजे पायाला उखळ बांधल्यासारखं वाटतं, असं तिचं मत पडलं. आत्याचं मत पडलं की ते उचलायला क्रेन लागते.

शिकवणी गच्चीवर. दिवस कुरडयांचे होते, गच्चीभर धोतरं अंथरून कुरडया वाळत घातलेल्या, आणि दोन रांगांच्या मध्ये एक पाऊल मावेल एवढीच वाट. मला सरळ रेषेत चालायला शिकवायचं होतं, याहून चांगली रेषा कुठली मिळणार! पहिल्या दिवशी आत्या पाण्याच्या टाकीला मिठी मारून उभी राहिली, ती सोडायलाच तयार नाही. "टाच आधी टेकव, मग बोटं," मी सांगतेय. "पाऊल लहान टाक. गुडघे ताठ धरू नको. पायाकडं पाहू नको, समोर पाहा."

"समोर पाहून काय करू? समोर लोकायच्या पाठी रायतात."

"इथे गच्चीवर कोणाची पाठ आहे?"

आत्यानं मान वर केली. पलीकडे स्टेशन होतं, सिग्नल होता, आणि कठड्यावरून पहिल्यांदाच तिला सरळ दिसत होतं. "अव माय!" ती म्हणाली आणि टाकी सोडली. पाच-सहा पावलं नीट गेली, मग वाकडी होऊन थेट कुरडयांत बसली. त्या वर्षी आमच्याकडे कुरडयांचा चुराच फार झाला, आणि काकाजींनी तो बिचाऱ्यांनी पावसाळाभर मुकाट्यानं खाल्ला.

पण बाई हटली नाही. सकाळी शाळेत कवायत घ्यावी तशी स्वतःचीच कवायत घ्यायची, "डावा, उजवा, डावा, पोट आत!" समोरच्या वकिलांना वाटलं, पोलीस भरतीची तयारी चाललीय. मी पुण्याला परतले तरी फोनवर रोजचा अहवाल यायचा. आता ती जिना उतरते, आता ती सँडल घालून पोळ्या करते. "ओटा एवढा खाली हाय, हे मले आजलोक कोणी सांगतलं काऊन नाही?" आणि एके दिवशी तिला फ्रिजचं डोकं दिसलं. त्यावर बोटभर धूळ. तिनं काकाजींना हाक मारली, आधी खाली बसवलं आणि विचारलं, "इतके वर्ष तुमाले हे रोज दिसत होतं, अन् तुमी बोलले नाही?" काकाजी फडकं आणायला गेले.

लग्नाच्या आठवड्यात मी गेले तेव्हा आत्या मला गच्चीवर घेऊन गेली. पायात सँडल, हातात पापडांचं भरलेलं ताट. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. पाठ ताठ, मान वर, पावलाचा आवाजसुद्धा नाही. साडीही तिनं सँडल चढवून मगच नेसली होती, त्यामुळे काठ जमिनीला टेकत होते आणि खालचं गुपित कोणाला दिसत नव्हतं. चाल इतकी देखणी की मी आपली माझ्या पायांकडं पाहायला लागले. "पायाकडं पाहू नको व," आत्या म्हणाली, "समोर पाह्य!"

लग्न खामगाव रोडवरच्या एका लॉनवर होतं. सगळं आमचं आधीच ठरलं होतं. मांडवाच्या डाव्या खांबापाशी गालिच्यावर आत्या उभी राहणार, आणि बोहल्यावरून प्राचीनं तिकडे एकदा पाहायचं. पण मंगलाष्टकांच्या तोंडावर जाऊबाई आल्याच. तुळशीची कुंडी त्यांनी मांडवाबाहेर, हिरवळीवर मांडून ठेवली होती, शेजारी भरलेली कळशी. "बसा इथं अन् घाला पाणी," म्हणून त्या आत गेल्या. आत्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि काम लवकर उरकावं म्हणून ती अख्खी कळशीच तुळशीवर पालथी केली. "झालं पाणी!" म्हणाली आणि वळली.

वळली ती तिथेच राहिली. हिरवळ नुसती वरून होती हो! खाली आपली वऱ्हाडातली काळी माती. पाणी लागलं की बैलगाडीचं चाक सोडत नाही, ती पेन्सिलीएवढी टाच काय सोडणार? सगळी तयारी आम्ही केली ती गच्चीवर, फरशीवर, जिन्यावर. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या आम्ही दोघी, पण माती काही आमच्या लक्षात आली नाही. दोन्ही टाचा सप्पकन आत गेल्या आणि महिनोन्‌महिने कमावलेली सगळी उंची त्या चिखलानं एका घासात गिळली. आत्या पुन्हा होती तेवढी झाली. मी खाली बसून सँडल ओढतेय, पट्ट्याचं बकल साडीच्या फॉलमध्ये अडकलेलं, आणि आत सनई वाजतेय, भटजींचा आवाज चढतोय, हातात अक्षता घेऊन सगळं गाव उठून उभं राहिलंय. आमच्यापुढं पाठीच पाठी.

"राहू दे व," आत्या हळूच म्हणाली. "पाठी पाह्याची सवय हाय मले."

मी बकल इतक्या जोरात ओढलं की फॉल उसवला, पण टाचा काही हलल्या नाहीत.

आणि मध्येच मंगलाष्टक थांबलं. माइकवर खरखर झाली. अंतरपाटाच्या वरून प्राचीला डावा खांब दिसत होता, आणि खांबापाशी आई नव्हती. तिनं भटजींच्या हातातला माइक ओढून घेतला होता. "पयले सगळे खाली बसा," प्राचीचा आवाज सगळ्या लॉनभर घुमला. "माह्या आईले दिसून नाही राह्यलं."

भटजी म्हणाले, "अहो, मुहूर्त टळतोय!" मग सगळ्यांत आधी काकाजी बसले. तो विजेचा खांब, फेट्यासकट, नव्या धोतरानिशी, गालिच्यावर मांडी घालून! ते बसले आणि मागोमाग चिखलीकर बसले, नांदुरेकर बसले, खुर्चीवाले खुर्चीवर, बाकीचे जमिनीवर. उभ्या राहिल्या त्या एकट्या जाऊबाई. काकाजींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "बसतो बाप्पा," म्हणत त्याही टेकल्या. आणि त्या सबंध लॉनवर, नवरा-नवरी सोडली तर, सगळ्यात उंच बाई माझी आत्या होती. पाय चिखलात, मान वर, आणि नजर समोर.

अंतरपाट खाली झाला. प्राचीनं नवऱ्याकडे पाहायच्या आधी आईकडे पाहिलं. बसल्या बसल्या फेकलेल्या अक्षता वधूवरांपर्यंत पोचल्याच नाहीत, पुढच्यांच्या मानेत गेल्या, आणि लोक खाजवत बसले. आत्या रडत होती आणि हसत होती. मी तर नुसतीच रडत होते.

मग तिनं पट्टे सोडले, सँडल चिखलात उभे ठेवून ती अनवाणी आत गेली. पाठवणीच्या वेळी प्राचीला मिठी मारायला तिला उंच व्हावं लागलं नाही, प्राचीच गुडघ्यावर बसली. काकाजी नंतर सँडल उपटून आणताना पुटपुटले, "एवढ्या मेहनतीत मूग पेरले असते."

परवा दिवाळीला मी नांदुऱ्याला गेले होते. सँडल धुऊनपुसून स्वयंपाकघरात, फळीच्या बरोबर खाली ठेवलेले. प्राची गेल्यापासून आत्या ते चढवते आणि वरचे डबे स्वतःच काढते. "हात पोचते आता," तिनं मला मोठ्या तोऱ्यात करून दाखवलं. रव्याचा डबा काढला, परत ठेवला. तेवढ्यात फाटक वाजलं. चिखलीहून प्राची आणि जावई आले होते. आत्यानं सँडल काढले आणि पायानंच धान्याच्या कोठीमागं ढकलले. मी काही बोलणार, तोच तिनं माझ्याकडे असे डोळे वटारले की मी गुपचूप खाली बसले.

मग ती ओट्यापाशी गेली, पदर खोचला आणि बैठकीपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली.

"प्राची, वरचा डबा दे व! माहा हात नाही पोचत."