काकीचा हात

काकीचा हात तोंडाच्या आधी चालायचा. पनवेलच्या बाजारात भाव पाडून मागणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या टाळक्यात तिने अख्खी सुरमई हाणली होती. काका दम्याने गेला तेव्हा सुतकातच जाऊन तिने गंडेदोरे देणाऱ्या गावच्या भगताचा हात मोडला. का, ते विचारायला कुणी धजावलं नाही.

पुढे आमच्या कामोठे गावाभोवती सेक्टर उभे राहू लागले, सिमेंटची धूळ घरात आली आणि मलाही दमा जडला. डॉक्टरांनी दोन पंप दिले. निळा, दम लागला की घ्यायचा, तपकिरी मात्र बरं वाटत असलं तरी रोज. बरं असताना औषध कशाला, हे मला कधीच पटलं नाही. काकी रोज सकाळी मासळीची पाटी उचलायच्या आधी माझ्यासमोर उभी राहायची. श्वास ओढ, रोखून धर, चूळ भर. एकदा मी तोंड फिरवून पंप हवेत मारला. तिने अशी मुस्कटात दिली की त्या दिवशीची चूळ रक्ताची निघाली. आई मध्ये पडली, तर तिलाही एक बसली. मला काकीचा मनापासून राग यायचा, ते कशाला लपवू?

माझं लग्न उरणला ठरलं. पोरीला पंप लागतो हे कळलं तर सोयरीक मोडेल, या धास्तीने आईने तपकिरी पंप तांदळाच्या डब्यात लपवला आणि पोरगी आता आपली आपण घेते, असं काकीला सांगितलं. आठ दिवस मी तो घेतला नाही. हळदीला फटाक्यांच्या धुरात माझा श्वास अडकला. निळ्या पंपानेही उतार पडेना, ओठ काळे पडले. उष्टी हळद घेऊन आलेला नवऱ्याचा मामा म्हणाला, "आजारी पोरगी आमच्या गल्यात मारता काय?" काकीने हळदीचं ताट त्याच्या थोबाडावर हाणलं. त्याचा दात पडला. आईने घाबरून तांदळाच्या डब्यातून तपकिरी पंप काढला, तेव्हा काकीने तिला झिंज्या धरून भिंतीवर आपटलं आणि मला उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यात माझा श्वास ताळ्यावर आल्यावर ती कॉटशी बसली. "भगत बोलला, गंडा नि पंप एका अंगाव चालत नाय. तुज्या काकाचा पंप मीच खाडीत टाकला," ती म्हणाली. "बरा होता गो तो तवा." पंप टाकल्यापासून पंधरा दिवसांत काका गेला होता.

लग्न मोडलं नाही. नवऱ्याने मामाला गप्प केलं. काही वर्षांनी काकीची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मी भेटायला गेले तर तिने आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं. पंप उरणलाच राहिलाय, दोन दिवस घेतला नाही, हे मी कबूल केलं. तिचा उजवा हात चादरीवर नुसता थरथरला. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या गालावर मारून घेतला. हलकाच बसला, म्हणून पुन्हा एकदा मारून घेतला.