तेवीसच्या दगडापाशी

वाल्मीक खोब्रागडे भंडाऱ्याहून दिल्लीला आले आणि रस्त्यांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी कार्यालयात चिकटले. काम काय, तर पोलीस ठाण्यांकडून आलेल्या अपघातांच्या नोंदी वाचायच्या आणि कोण कुठे मेलं ते तक्त्यात भरायचं. नोंदींवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. सुट्टीच्या दिवशी बसने जागेवर जाऊन ते पावलं मोजून येत. ऑफिसातले लोक हसायचे, पण बावीस वर्षांत त्यांचा एक आकडा चुकला नाही.

गुडगावच्या बाजूला नव्या सोसायट्या उगवल्या, हायवे रुंद झाला, गाड्या सुसाट सुटल्या. माणसांनी पलीकडे जायचं कसं, हे मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही. तेवीस किलोमीटरच्या दगडापाशी लोक दुभाजक ओलांडायचे आणि मरायचे. नियम असा, की एकाच किलोमीटरात तीन वर्षांत पाच बळी गेले तरच पादचारी पूल. दगडाच्या अलीकडे चार गेले होते, पलीकडे तीन.

"साहेब, जागा एकच आहे. सात धरा ना," खोब्रागडे म्हणाले.

"मुद्दा बिल्कुल बरोबर आहे, यार," त्यांचे वरिष्ठ श्रीपादसाहेब म्हणाले. "पण किलोमीटर दोन आहेत. फाइल परत येईल."

खोब्रागड्यांच्या पत्नी कमलाबाई दर रविवारी आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून निघून त्याच दगडाजवळच्या बसथांब्यावर उतरायच्या आणि पलीकडच्या सोसायटीत बुद्धवंदनेला जायच्या. "अहो, मी नीट बघून ओलांडते," असं म्हणायच्या. मार्चमधल्या एका रविवारी त्यांना ट्रकने उडवलं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर खोब्रागडे एकटेच तिथे गेले. दगडापासून रक्ताच्या डागापर्यंत अकरा पावलं भरली. दगडाच्या पलीकडच्या बाजूला. म्हणजे अलीकडे चार, पलीकडेही चार. बाई जिवानिशी गेली आणि सरकारी तक्त्यात तिचं मरणसुद्धा वाया!

महिन्याने पोलिसांची नोंद टपालात आली. तीत नुसतं 'दगडाजवळ' लिहिलेलं होतं.

"सर, राहू द्या, ही नोंद मी भरते," शेजारच्या टेबलावरची उल्का म्हणाली.

"नको. मीच भरतो."

त्यांनी पेन उचललं, बराच वेळ तसंच धरलं आणि 'अलीकडे' असं लिहिलं.

पूल मंजूर झाला. बैठकीत श्रीपादसाहेबांनी खोब्रागड्यांच्या अचूक आकडेवारीचं तोंडभरून कौतुक केलं. टाळ्या वाजल्या, आणि इतके दिवस कुणासमोर डोळा ओला न केलेला हा माणूस भर बैठकीत हुंदके देऊन रडला.