पदरावरचा डोळा

कतारगामच्या दुकानातला सेल्समन काउंटरवर बोटांनी ताल धरत साड्या उलगडायचा. पूर्वी तो सुरतेतल्या एका सायकेडेलिक रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. बँड चौघांचा, श्रोतेही साधारण तेवढेच. एकदा त्यांनी पलसाण्याच्या मिलमध्ये आपलं पोस्टर कापडावर छापायला दिलं: गरगरणारे रंग आणि मधोमध वितळणारा डोळा. मिलच्या शेठला वाटलं, साडीचं नवं डिझाइन आलं. साड्या धडाधड खपल्या, बँड मोडला.

"वाईट नाही वाटत?" साड्या बघता बघता मी विचारलं.

"कशाचं, भाऊ? गाणं आमचं तापीपलीकडे गेलं नाही. डोळा पार नंदुरबारला पोचला!"

नंदुरबारला माझी आई सत्यनारायणाला तीच साडी नेसते. त्या डोळ्याला ती मोरपीस समजते. पदराला पाय लागला, की आम्हाला नमस्कार करायला लावते.