काय ऐकलंत?

आमच्या चर्चमधले किस्से लिहून ठेवावेत असं दर रविवारी घरी जाताना वाटतं, आणि पुढच्या रविवारी त्यात आणखी एकाची भर पडते. युसूफ वडगावच्या बाजूला आमचं छोटं गाव, पत्र्याचं चर्च, मोजकी माणसं. कोण झोपलंय ते लपत नाही.

गेल्या वर्षी नवे पाळकसाहेब आले. पहिल्याच उपासनेत बायबलमधलं वचन वाचून झाल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "काय ऐकलंत?"

माझं केजला मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे. वाचन चालू असताना मी मनातल्या मनात एका गिऱ्हाइकाचा डिस्प्ले बदलत होतो. म्हटलं, "सायेब, आवाज लई गोड हाय तुमचा."

साहेबही हसले. पण पुढच्या रविवारी प्रश्न तोच.

*

मग त्यांनी गंमत केली. दर रविवारी एकच उतारा वाचायला लागले आणि आम्ही भक्तिभावानं माना डोलवत राहिलो. शेवटी सुमनमावशी, जी कायम डोळे मिटून बसते, तिला राहवलं नाही.

"सायेब, आता पान उलटा की. ह्ये मागल्या बारीला बी झालंय."

साहेबांनी वर बघून हात जोडले. "देवा, आभार. एक जण तरी जागं आहे."

*

पेरणाऱ्याच्या दाखल्याला, म्हणजे येशूनं सांगितलेल्या बी पेरणाऱ्याच्या गोष्टीला, पाळी आली दानियलकाकांची. काका शेतकरी आणि स्वभावानं तिरसट.

"त्या माणसाला पेरता येत न्हाई," काका म्हणाले. "वाटंवर, खडकावर, काट्यात बी कावून टाकायचं?"

"आणि चांगल्या जमिनीत पडलं त्याचं काय?"

"तिथं बी खुरपावं लागतंय, सायेब. नुसती जमीन चांगली असून भागत न्हाई."

एवढं बोलून ते शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत खाली बसले.

ती जागा त्यांच्या धाकट्या भावाची, याकोबकाकांची. दोघांच्या सामाईक बांधावरची बाभूळ दानियलकाकांनी न विचारता तोडली, तेव्हापासून याकोबकाकांनी चर्चला येणं सोडलं. समोरून भाऊ दिसला की वाट बदलायचे. साहेब समजवायला गेले तर म्हणाले, "चहा घ्या सायेब, पण त्याचं नाव काढू नका." या दोघांना एकाच पुस्तकातून गाताना बघत मी लहानाचा मोठा झालो. ती रिकामी जागा मला बघवत नव्हती.

*

यंदाच्या कापणीच्या सणाला वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी असं सगळं मांडलं होतं. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो, मग जेवण. दानियलकाकांनी तांबडा कोंबडा आणून टेबलाच्या पायाला बांधला होता. त्याच्यावर सगळ्यांचाच डोळा होता.

वाचन माझ्याकडं होतं. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, असा तो भाग. वाचून मी थांबलो. साहेब प्रश्न विचारणार, एवढ्यात दानियलकाका उठले, दारात चपला घातल्या आणि निघून गेले.

गाणी झाली, प्रार्थना झाली, काकांचा पत्ता नाही. सुमनमावशी म्हणाली, "सायेब, भात गार व्हायलाय. लिलाव घ्या की."

"कोंबडा अजून अर्पण झालेला नाही," साहेब म्हणाले. "थांबू या."

आम्ही थांबलो. कोंबडा मधून मधून आरवत होता आणि प्रत्येक वेळी सगळे दाराकडं बघत होते.

अखेर काका आले. त्यांच्या मागं, मळ्यातल्या कपड्यांवर, पायाला ओली माती तशीच, याकोबकाका. दोघं आपल्या जुन्या जागेवर शेजारी शेजारी बसले.

साहेबांची सवय सुटते थोडीच. "याकोबकाका," ते म्हणाले, "काय ऐकलंत?"

"मला काय ठावं, सायेब? मी आत्ता आलोय," याकोबकाका म्हणाले. "मी पाणी देत हुतो. ह्यो बांधावर येऊन हुबा राहिला अन् म्हणला, तुज्याबिगर माजा कोंबडा देव घेत न्हाई, चल."