मार्शलला खुर्ची द्या

तुमच्या इमारतीच्या फाटकावर बारा तास उभ्या असणाऱ्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे?

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या सोसायटीत त्याला सगळे ‘मार्शल’ म्हणत. मी त्याला मार्शलअण्णा म्हणायचे. एजन्सीने ‘वॉचमन’ शब्द काढला, त्याच्या खांद्याला लाल दोरी लावली आणि बसायचं स्टूल उचलून नेलं. मार्शल बसत नसतो म्हणे! थू असल्या बढतीवर.

तो निपाणीकडचा. मी मराठी आहे हे कळल्यावर रोज थांबवायचा. “आमच्याकडं मार्शल म्हंजे वडापची जीप, अक्का. माणसं कोंबायची, टपावर बी बसवायची. माझं बी तसंच चाललंय.”

पाय सुजायचे. मग करकोच्यासारखा एक पाय उचलून उभा राहायचा. “डावा रजेवर, उजवा ड्यूटीवर. स्वल्प वेळानं बदली.”

एकदा मी शब्दकोश पाहून सांगितलं, की हा शब्द फ्रेंचांकडचा. मूळ अर्थ घोड्यांची निगा राखणारा, पुढे तोच सेनापती झाला. तो खो खो हसला. “म्हंजे नाव सेनापतीचं, काम घोडेवाल्याचं! त्याला निदान घोड्यावर तरी बसाय मिळत आसंल.”

त्या रात्री मला झोप आली नाही. मी पत्रक लिहिलं, ‘मार्शलला खुर्ची द्या’. दारोदार फिरून सह्या घेतल्या, सोसायटीच्या कमिटीला दिलं. पुढच्याच आठवड्यात खुर्ची आली. गोल फिरणारी, उंच पाठीची. ती सेक्रेटरींच्या खोलीत गेली. सेक्रेटरींचं आडनाव मार्शल.

चूक की लबाडी? मी भांडायला गेले, तर ते खुर्चीत गर्रकन फिरून म्हणाले, “तुमच्या पत्रकात दुसरं कुणाचं नाव आहे का?”

नव्हतं. गरिबांच्या बाजूने पानभर लिहिणाऱ्या मला त्याचं नाव विचारायचं सुचलंच नव्हतं.

फाटकावर येऊन मी मान खाली घालून विचारलं. “परशराम,” तो म्हणाला. “दोन वर्षांत तुम्हीच पयल्यांदा इचारलं बघा. जरा आधी इचारलं आसतं, तर आज बसलो आसतो की, अक्का.” आणि हसत पाय बदलला.

मी नव्याने पत्रक लिहिलं, या वेळी नावानिशी. ते कमिटीपुढे जाण्याआधीच त्याच्या पायांनी हात टेकले. परशरामअण्णा गावी गेला. तीच लाल दोरी आता दुसऱ्याच्या खांद्यावर आहे. त्यालाही सगळे मार्शलच म्हणतात.

उद्या खाली उतरताना घरातली एक खुर्ची घेऊन जा. पण ती ठेवण्याआधी त्याला नाव विचारा.