नंदाबाईनं घुटी बंद केली

आमच्या अर्जुनी मोरगावकडच्या चार-पाच गावांत चाळिशीच्या आतलं कुणीही माणूस उभं करा आणि विचारा, लहानपणी घुटी कुणाच्या हातची घेतली? नंदाबाईच्या. वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, कशाचे किती वेढे सहाणेवर द्यायचे ते ती बाळाच्या पोटाला हात लावून ठरवायची. "लेकरू काऊन रडते ते तुमच्या डाक्टरले मशीन लावून समजते, मले हात लावून समजते," असं पहिल्याच भेटीत तिनं मला तोंडावर सुनावलं. मी काही कमी तोंडाळ नाही, पण त्या दिवशी ऐकून घेतलं. तिच्या घरी मला दर आठवड्याला जायचं होतं.

मी अल्का. नागपूरच्या एका डॉक्टर मॅडमनी पाहणी काढली होती, एचआयव्ही असलेल्या आयांच्या बाळांसाठी. आई रोज गोळी घेत असेल आणि सहा महिने बाळाच्या पोटात फक्त तिचंच दूध जात असेल, तर रोग बाळात उतरायची भीती अगदी थोडी राहते. पण सोबत वरचं काही पाजलं की बाळाचं कोवळं आतडं बिघडतं आणि भीती वाढते. कुणाला संशय येऊ नये म्हणून आम्ही गावातल्या सगळ्याच बाळंतिणींकडे जायचो. कोणत्या घरात आजार आहे ते मला ठाऊक असायचं, शेजारणीला नाही. माझं काम एवढंच की कालपासून बाळाच्या तोंडात काय काय गेलं ते विचारायचं आणि फॉर्म भरायचा. दूध, पाणी, मध, साखरपाणी, गाईचं दूध.

नंदाबाईची सून दुर्गेश्वरी ही त्यातली एक. तिला आणि तिच्या नवऱ्याला, भूपेंद्रला, दोघांनाही आजार होता. पोटुशी असताना तपासणीत कळलं. भूपेंद्र गोंदियाला राईस मिलमध्ये, पंधरा दिवसांनी घरी येणारा. सासूला यातलं काही माहीत नव्हतं. "ताई, त्यायले सांगाल तं मी जीव देईन," असं दुर्गेश्वरीनं पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं. गोळ्या ती मसाल्याच्या डब्यामागे लपवायची आणि विचारलं तर रक्ताच्या गोळ्या म्हणून सांगायची. पोरगी झाली, आचल. दीड महिन्याची तपासणी चांगली आली, माझे फॉर्मही चांगले. वरचं काही नाही, काही नाही, काही नाही. मी स्वतःवर भारी खूश होते.

अकराव्या आठवड्यात आचलला मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडाला वेखंडाचा वास आला.

"दुर्गेश्वरी, हे काय गं?"

"काय?"

"हिला घुटी देता?"

"हाव. बारशापासून आई रोज देते." डोळे मोठे करून ती माझ्याकडे बघत राहिली. "घुटी तं सगळेच देते ना, ताई."

बापा रे! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. अकरा आठवडे मी बाई हिला विचारतेय, वरचं काय देता, आणि ही म्हणतेय काही नाही. पण खरं सांगते, ती खोटं बोलली नव्हती. आमच्याकडे घुटी ना दुधात मोजतात, ना औषधात. काजळ-तीट लावावं तशी घुटी. मी स्वतः दोन लेकरं घुटीवर वाढवली आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सगळी घरं पुन्हा फिरले. एकतीस घरांपैकी सव्वीस घरांत घुटी चालू. मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांचं नाही चुकलं अल्काताई, आपला प्रश्न चुकला."

ते ठीक. पण आचलच्या पोटात आठ-नऊ आठवडे घुटी गेली होती, त्याचं काय?

आधी घुटी थांबवायची होती. लेकी बोले सुने लागे म्हणतात, मी सुनेला बोलून सासूला लावायला लागले. पाहणीत हे चालत नाही, बाळाला नुसतं अंगावरचं पाजा, वगैरे. नंदाबाई सूप पाखडत होती, तिनं ते खाली ठेवलं. "अल्काबाई, घुमवून बोलू नका. माह्या हातानं आजवर एक लेकरू बिघडलं का? नाव सांगा. आन् माह्याच नातीले मी घुटी नाई देऊ? गाव थुंकंन माह्या तोंडावर!"

तिच्या बाजूनं तिचं बरोबर होतं, आणि खरं कारण मी सांगू शकत नव्हते. गुपित माझं नव्हतं. मी सूनबाईकडे पाहिलं. ती चुलीपाशी उभी होती, हात पिठाचे. मला वाटलं, आता ही आत निघून जाईल. ती गेली नाही. तिनं पुढचं दार लोटून घेतलं, सासूसमोर येऊन बसली आणि तीन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. मला काय आहे, भूपेंद्रला काय आहे, आणि लेकराला का जपायचं आहे. खाली बघूनच बोलली, पण अडखळली नाही. मी मात्र बोटाला पदर गुंडाळत बसले होते.

मला भीती होती, नंदाबाई आता सुनेला शिव्या घालेल, घराबाहेर काढेल. असे संसार मी पाहिले आहेत. ती उठली, आतून सहाण आणि घुटीची पुरचुंडी आणली, छताखालच्या माचीवर उंच ठेवून दिली. मग माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात विचारलं, "माह्या हातानं तं नाई गेलं ना लेकराच्या आंगात?"

मी एरवी चार थापा सहज मारते. त्या वेळी मारता आली नाही. "मावशी, मला माहीत नाही," म्हणाले. "अंगावरचं सुटल्यावर, दीड वर्षाची झाली की पक्की तपासणी होते. तेव्हाच कळेल."

"दीड वरीस," ती म्हणाली आणि पुन्हा सूप घेऊन बसली. तांदूळ पाखडून झालेले होते, तरी ती पाखडतच राहिली.

त्यानंतर तिनं गावालाच घुटी बंद केली. चार दिवसांनी शेजारची लीलाबाई नातवाला घेऊन आली, तेव्हा मी तिथंच होते. "होत नाई आता माह्याच्यानं, हात दुखते," नंदाबाई म्हणाली. हात दुखत होते म्हणे! त्याच सकाळी तिनं विहिरीवरून सहा हंडे पाणी आणलं होतं. लीलाबाई फणकाऱ्यानं गेली. "नात झाली तं गर्व चढला नंदीले," असं गावभर झालं. लीलाबाईच्या नातवाच्या बारशाला गावातल्या साऱ्या बायका होत्या, नंदाबाईला बोलावणं नव्हतं. नंदाबाईशिवाय असं बारसं चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

मी चिडून म्हटलं, "मावशी, लीलाबाईच्या नातवाला तरी देत जा. त्यांच्या घरी कुठं आजार आहे?"

"दुसऱ्याच्या लेकराले देन आन् आपल्या लेकराले नाई, तं गाव पुसन ना, काऊन? मंग सुनेनं काय सांगाव?" तिनं मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "आन् समजा, आणखी एखादी माय अशीच तोंड दाबून बसली असंन, तं? मले का माहीत?"

माझ्या यादीबाहेरही एखादी असेल, हे एवढी शाळा शिकून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला त्या बाईचा फार अभिमान वाटला आणि स्वतःची थोडी लाजही. तिला हे बोलून दाखवलं असतं, तर तिनं मलाच झापलं असतं.

सहाव्या महिन्याची तपासणी चांगली आली, वर्षाचीही. दर वेळी नंदाबाई विचारायची, "हे पक्कं?" आणि मी म्हणायची, "अजून नाही." मग ती पुन्हा सूप ओढून बसायची. आचल चालायला लागली, आजीच्या मागे कोंबड्या हाकलायला लागली. तिला साधा ताप आला तरी नंदाबाई माझ्या घरी हजर, दोन मैल चालत.

दीड वर्षाच्या तपासणीला ती हट्टानं सोबत आली. ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक चंद्रशेखर बसतो. पोरगा गुणी, पण बोलण्यात घोळ फार. त्यानं कागद उलटसुलट केले, चष्मा पुसला. मी ओरडणारच होते, तेवढ्यात म्हणाला, "आजी, तुमच्या नातीला काही नाही. आता हे पक्कं."

माझे डोळे भरून आले. दुर्गेश्वरीनं आचलला छातीशी घट्ट धरलं. नंदाबाई मात्र जागची हलली नाही. तिनं चंद्रशेखरला विचारलं, "आन् हिचं?"

"कुणाचं, आजी?"

"माह्या सुनेचं. दीड वरीस मी लेकराचंच पुसून राहिली. हिचं कोनीच पुसलं नाई."

चंद्रशेखर गडबडला. मग नीट सांगितलं त्यानं. आजार निघून जात नाही, पण गोळी रोज घेते म्हणून रक्तात तो इतका कमी आहे की मशीनलाही सापडत नाही. "गोळी चुकवली नाही तर तुमच्याएवढी म्हातारी होईल, आजी."

नंदाबाईनं सुनेकडे वळून पाहिलं. "आयकलं ना? मंग हो म्हतारी. माह्या मांगं हे घर तुलेच पाहा लागन."

सासूसमोर सगळं सांगताना जिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ती दुर्गेश्वरी तिथं खुर्चीत बसल्या बसल्या हमसून हमसून रडायला लागली.

"रडू नोको व बाई," नंदाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "लेकरू पाहून राहिलं."