आतला खिसा

"खिसे मोज आधी. मी म्हटले तेवढे सगळे आहेत की नाही?"

"आहेत गं ताई, पण आहेत कुठे? हात वर केला की सगळे काखेत येतात!"

"मग हात वर करू नकोस."

"मी कंडक्टर आहे! बसमध्ये दांडी धरायला हात वर करायचा नाही, तर काय पाय करू?"

"ओरडू नकोस. शिवण बघ. एक टाका वाकडा दाखव मला."

"टाका सरळच आहे. चिल्लर वाकडी सांडली, तिचं काय? ब्रेक लागला, मी दांडी धरली, बंडी वर गेली आणि सगळी नाणी खाली. मागचे एक काका म्हणतात, मॅडम, वरात कोणाची आहे?"

एवढं बोलून रचनाने अंगातली खाकी बंडी काढली आणि मशीनवर टाकली. सरोजताईंनी ती उचलली, झटकली, उलटी केली, सुलटी केली. माणूस रागावलं तरी चालेल, कापड चुरगळता कामा नये, असा त्यांचा कायदा.

"वरात म्हणे," त्या पुटपुटल्या. "बसायला जागा मिळाली की जीभ सुटते लोकांची."

डोंबिवली पूर्वेला मानपाड्यात एका इमारतीच्या जिन्याखाली सरोजताईंचं दुकान आहे. एक मशीन, एक इस्त्री, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली लटकणारे लोकांचे अर्धवट ब्लाऊज. आमच्या नाटकाचे कपडे तिथे शिवायला टाकलेले असायचे, त्यामुळे मीही तिथे टाकल्यासारखीच असायचे. हे भांडण मी स्टुलावर बसून, तोंड बंद ठेवून पाहिलेलं आहे. त्या दोघींच्या मध्ये तोंड उघडायची माझी काय, ताईंच्या नवऱ्याचीही हिंमत नव्हती.

रचना ही ताईंच्या धाकट्या भावाची, रवींद्रची बायको. राहायला कळव्याला, कामाला ठाण्यात शहर बससेवेत. नणंद-भावजय म्हणायच्या, पण त्यांचं बोलणं ऐकून एखाद्याला वाटावं, या सख्ख्या बहिणी आहेत आणि वाटणीवरून बिनसलंय.

ताई मुळात शिंपीण नव्हत्या. एमआयडीसीत एका गारमेंट कंपनीत त्यांची उमर गेली. तिथे अख्खी पँट कोणीच शिवत नसे. एकजण नुसता पट्टा लावायचा, एकजण काज करायचा. ताईंच्या वाट्याला खिसा आला, तो कंपनी बंद पडेपर्यंत. कापडाचा तुकडा पुढ्यात येणार, ताई खिसा लावणार, पुढे ढकलणार. सगळे त्यांना खिसेवाली सरोज म्हणायचे.

"कुठल्या कुठल्या देशात माझ्या खिशात हात घालून पुरुष फिरत असतील," त्या मला सांगायच्या. "आणि मी? बसचे पैसे रुमालात, रुमाल कमरेला. साडीला कोण खिसा लावतंय?"

त्यामुळे रचना जेव्हा "ताई, मला एक खिसा हवाय" म्हणत आली, तेव्हा ताईंना जणू कोणीतरी त्यांच्या नावाने हाक मारली.

पण ती का आली, ते आधी सांगायला हवं.

गणवेशाच्या कुर्त्याला एकच खिसा. त्यात पेन राहतं, आणि पेनासोबत दुसरं पेन राहत नाही. तिकिटाचं मशीन गळ्यात, पैशाची पिशवी खांद्याला आडवी. ती पिशवी ऑफिसची. तपासनीस गाडीत चढला आणि म्हणाला दाखवा, की त्याच्यासमोर रिकामी करायची. अंगावर वेगळे पैसे सापडले, तर ते कुठून आले हे सांगत बसायचं. म्हणून कंडक्टर खिशाला भितात. जे असेल ते पिशवीत.

तर रचनाच्या पिशवीत त्या दिवशी पॅडही होतं. दुसरीकडे ठेवणार कुठे? भर गर्दीत तपासनीस चढला. पिशवी सीटवर ओतायला लावली. नोटा, नाणी आणि ते.

"तो वाईट नव्हता गं," रचनाने सांगितलेलं. "त्यालाही सुचेना. त्याने जुन्या पावत्यांचा गठ्ठा घेतला आणि त्या गठ्ठ्यानेच ते बाजूला सारलं. हात नाही लावला. जसं काय मेलेलं झुरळ आहे. आणि शेजारची दोन पोरं फिदीफिदी. मग मी मोजून परत भरलं सगळं आणि पुढचं तिकीट फाडलं. मशीनने. ताई, मला एक खिसा दे. एकच. जो माझा असेल. जो कोणी ओतायला लावणार नाही."

ताईंनी लगेच खाकी कापडाचा तागा काढला. आणि एका खिशाच्या जागी त्यांनी खिशांचं गाव वसवलं. मशीनला वेगळा, चार्जरला वेगळा, पाण्याच्या बाटलीला, चिल्लरीला, मोबाइलला. आणि डाव्या बाजूला आत, अस्तराच्या मागे, बटणाचा एक. तोच तो. बाकीचे त्याच्या सोबतीला.

आणि ती बंडी पहिल्याच फेरीत काखेत गेली.

भांडणानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. ताई माझे कपडे शिवताना मशीनशी भांडायच्या. "शिवण सरळ आहे ना? मग? मग चुकलं कुठे?" मशीन टकटक करत राहायचं. मी म्हटलं, "ताई, एकदा तिच्या बसमध्ये बसून बघा ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचे दोन दिवस तिकडे फिरकले नाही.

पण त्या गेल्या. ठाण्याला जाऊन रचनाच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसल्या आणि चष्मा चढवून तिच्याकडे एकटक बघत राहिल्या. कुठे उतरायचं विचारलं तर म्हणाल्या, "शेवटचा स्टॉप. आणि मग परत पहिला."

"ताई, अशी बघू नकोस. लोकांना वाटतंय तू साध्या वेशातली तपासनीस आहेस."

"वाटू दे. गप तिकिटं काढतील."

ताईंच्या पिशवीत शिंप्याचा खडू होता. रचना दांडीला लटकली की ताई आपल्याच पदरावर खुणा करायच्या. कोपर इथपर्यंत आलं, कंबर इथे वळली. संध्याकाळी मानपाड्यात उतरल्या तेव्हा पदर बघून दूधवाला म्हणाला, "ताई, रंगकाम काढलंय का घरी?"

दुकानात आल्या त्या स्टुलावर बसल्याच नाहीत. उभ्याउभ्याच मला म्हणाल्या, "माप घेताना मी गिऱ्हाइकाला काय सांगते?"

"हात खाली सोडा. सरळ उभे राहा."

"हां. आणि कंपनीत तर कापडात माणूसच नसायचं, सपाट टेबलावर सगळं. ही बया दिवसभरात एकदाही सरळ उभी राहत नाही. एकदाही नाही! माणूस लटकलेलं, आणि मी माप घेतलं उभ्याचं."

त्याच आठवड्यात रचनाला निरोप गेला. आली, तर ताईंनी तिला दारातल्या पडद्याची दांडी धरायला लावली आणि टेप काढला.

"हल."

"काय?"

"बस चाललीये. हल. शिळफाट्याचे खड्डे आलेत असं समज."

रचना हलली. दांडी खिळ्यासकट हातात आली. दोघी पडद्यात गुरफटून जिन्यापर्यंत गेल्या, आणि मग जे हसू फुटलं त्यात अबोला वाहून गेला. "नवरा विचारेल दांडीचं, तर सांग, ड्युटीवर मोडली," रचना म्हणाली.

दुसरी बंडी वेगळीच होती. खिशांचं वजन ताईंनी खांद्यावरून काढून कमरेच्या रुंद पट्ट्यावर आणलं. पाठीत चुणी टाकली, हात वर गेला की उघडायची, खाली आला की मिटायची. चिल्लरीच्या खिशाचं तोंड आडवं केलं. आतला खिसा मात्र होता तिथेच, तसाच.

रचनाने ती घालून ड्युटी केली. मग नयन नावाच्या तिच्या मैत्रिणीने मागून घेतली, मग आणखी कोणी. डेपोतल्या सगळ्या बायका म्हणू लागल्या, आम्हाला पण. आणि एक दिवस ऑफिसातून बोलावणं आलं, नमुना घेऊन या, पसंत पडला तर गणवेशात घेऊ.

ताईंनी ठेवणीतली निळी साडी नेसली. बंडीला इतकी इस्त्री केली, की ती बसवली असती तर बसली असती. रचना सोबत होतीच, मी पिशवी धरायला गेले.

गणवेश बघणारे प्रशांत साहेब ठाण्याच्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर बसतात, असं खाली सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, खाली बसतात. शेवटी ते जेवून आले, आणि आम्ही ज्या बाकावर बसलो होतो त्याच्याच समोरच्या दारातून आत गेले.

माणूस हौशी निघाला. "वा वा, हे तर भारीच आहे!" म्हणत त्यांनी बंडी टेबलावर पसरली आणि एकेका खिशात आपल्याच वस्तू घालून बघू लागले. मोबाइल गेला. पेन गेलं. चष्म्याचं घर गेलं. खणातून एक छोटा कंगवा आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी काढली, तीही बसली. "आमच्या पुरुष कंडक्टरांनाही द्यायला हवं! संचिता मॅडम, बघा हो." पलीकडच्या टेबलावरच्या संचिता मॅडमनी मान वर करून हसून घेतलं. ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आयुष्यभर खिसा लावून पुढे ढकलणाऱ्या बाईचं अख्खं काम पहिल्यांदा कोणीतरी उलगडून बघत होतं.

मग साहेबांचा हात अस्तराला लागला.

"हा काय?"

"आतला खिसा," ताई म्हणाल्या.

"आत कशाला?"

"बाहेर नको म्हणून."

"अहो पण तपासणी कशी करणार? तपासनीस काय आत हात घालणार?"

"घालायचाच नाहीये. म्हणून तर आत आहे."

साहेब मागे टेकले. "बाई, नियम समजून घ्या. कंडक्टरच्या अंगावर वरचे पैसे सापडले, तर आम्हाला केस करावी लागते. आणि तुम्ही लपवायला जागाच शिवून देताय."

"ज्याला लपवायचंय तो मोज्यात लपवेल. खिसा मंजूर व्हायची वाट बघत बसलाय होय कोणी?"

रचनाने ताईंच्या कोपराला हात लावला. ताईंना थांबायचं नव्हतं.

"पुरुषांच्या पँटला किती खिसे असतात साहेब? आणि वर कमरेला चोरखिसा. ढिगाने शिवलेत मी. तुमच्या पँटलाही असेल आत्ता. उजव्या बाजूला, पट्ट्याखाली."

साहेबांचा हात पट्ट्याकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. तो हात परत आला, तिथेच आमचं काम बिघडलं, हे मला नंतर कळलं.

"पर्सनल व्हायचं काम नाही," ते म्हणाले. "मला एवढंच सांगा, त्यात ठेवणार काय?"

ताईंनी रचनाकडे पाहिलं. रचना खिडकीबाहेर बघत होती. मी पिशवीकडे. ज्या कारणासाठी हे सगळं झालं, ते कारण खोलीत मधोमध उभं होतं आणि कोणी त्याचं नाव घेईना.

शेवटी संचिता मॅडम खाकरल्या. "सर, असू शकतं काही. लेडीजचं."

"हां हां," साहेब घाईघाईने म्हणाले. कान लाल झाले. "तेवढी सोय हवीच. मी त्याच्या विरोधात नाहीच." त्यांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, त्यांना मदतच करायची होती. "एक करा. खिसा ठेवा. फक्त कापडाच्या जागी पारदर्शक प्लास्टिक लावा आणि बाहेर घ्या. विमानतळावर नसतात का तशा पिशव्या? आत काय आहे ते दिसलं, की शंकाच नाही. तपासणारा हातही लावणार नाही. तेवढा बदल करा, मी आजच वर पाठवतो."

ताईंकडे उत्तर नेहमी तयार असायचं. वरातीवर होतं, नियमावर होतं, साहेबांच्या पँटवरसुद्धा होतं. मी वाट बघत होते.

पण आधी रचनाच बोलली.

"चालेल सर."

ताईंनी मान वळवली.

"चालेल म्हणजे," रचना भराभर बोलायला लागली, साहेबांशी नाही, ताईंशी, "बाकीचे खिसे तरी मिळतील ना. खाली नयन वगैरे सगळ्या थांबल्यात गं. खांदे गेलेत एकेकीचे. आणि मला रोज इथेच यायचंय, माझं कंत्राट यांच्याच सहीने पुढे जातं. ते एक मी बघेन कुठेतरी. पूर्वी बघत होतेच की. प्लास्टिक तर प्लास्टिक. ताई? चालेल ना?"

साहेबांनी पेन शोधायला हात पुढे केला. पेन बंडीत होतं.

ताईंनी बंडी आपल्याकडे ओढली. पहिल्या खिशातून पेन काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग मोबाइल. मग चष्म्याचं घर. मग कंगवा, त्यात अडकलेल्या दोन केसांसकट. मग गोळ्यांची पट्टी. एकेक वस्तू, सगळ्यांना दिसेल अशी, ओळीने. साहेबांनी घाईने कंगव्यावर फाइल ओढून घेतली.

"ताई, चालेल ना?" रचनाने पुन्हा विचारलं. आता आवाज बारीक झाला होता. "अगं, बोल ना काहीतरी."

ताईंनी बंडीची घडी घातली, आतला खिसा आत राहील अशी. ती काखेत मारली आणि त्या दाराबाहेर निघून गेल्या.